नवं पान की जुनंच? ओआरएम इन्सर्ट आणि अपडेट कसं ठरवतं

धरणगाव भागातल्या एका जिनिंगसाठी मी शेतकऱ्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा पहिला आठवडा कोडला हातच लावला नाही. दिवाणजींच्या शेजारी बसून राहिलो. कापसाची गाडी काट्यावर आधी भरलेली मोजायची, मग रिकामी. शेतकरी काटापावती घेऊन खिडकीशी यायचा आणि दिवाणजी जाड खातेवही उघडून थेट त्याच्या पानावर यायचे. एका शेतकऱ्याचं एक पान. वजन, भाव, उचल, बाकी, सगळं त्याच पानावर. मदतीला ठेवलेला मुलगा कधी कोरं पान काढायला निघाला, की दिवाणजी त्याला अडवायचे : "भाऊ, यानं पान शे. नवं कसाले?" (याचं पान आहे, नवं कशाला?)

ओआरएम म्हणजे कोडमधले ऑब्जेक्ट आणि डेटाबेसच्या टेबलातल्या ओळी यांची सांगड घालणारं साधन. त्यातलं 'सेव्ह' हेच काम करतं. नवं पान उघडणं म्हणजे इन्सर्ट, जुन्या पानावर दुरुस्ती करणं म्हणजे अपडेट. पण दिवाणजी माणूस ओळखतात आणि ओआरएम फक्त कागद बघतं. कागदावर पान क्रमांक आहे का, किंवा हा कागद वहीतूनच निघालेला आहे का, एवढंच त्याला कळतं. खिडकीशी उभा असलेला शेतकरी गेल्या हंगामातलाच आहे का, हे त्याला कळत नाही आणि कळणारही नाही. ते तुम्हाला ठरवावं लागतं, आणि ठरवलेलं डेटाबेसला सांगावं लागतं.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांतून बीसीए, डिप्लोमा करून नुकतेच जँगो, लाराव्हेल किंवा स्प्रिंग अशा फ्रेमवर्कवर काम करायला लागलेले अनेक जण मला एकच प्रश्न विचारतात : "मी तर सेव्हच केलं होतं, मग नोंद दोनदा कशी आली?" किंवा त्याच्या उलट : "नवी नोंद टाकली, जुनी गेली कुठे?" त्यांच्यासाठी हा लेख आहे. वाचताना शेजारी एक छोटा प्रोजेक्ट उघडून ठेवा. नुसतं वाचून हे बसत नाही.

आधी एसक्यूएल डोळ्यांनी बघा

ओआरएम पडद्यामागे कोणती क्वेरी पाठवतं, हे दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. जँगोत डीबग चालू असताना 'कनेक्शन डॉट क्वेरीज' या यादीत पाठवलेल्या क्वेरी सापडतात. रेल्समध्ये डेव्हलपमेंट लॉगमध्ये त्या आपोआप पडतात. स्प्रिंगमध्ये 'शो एसक्यूएल' हे सेटिंग आहे, एसक्यूएल-अल्केमीत इंजिन बनवताना 'इको' खरं ठेवायचं, लाराव्हेलमध्ये डीबीच्या 'लिसन'ला कान लावायचा.

आता शेतकरी नावाचं साधं मॉडेल घ्या. आयडी, नाव, गाव, मोबाइल. चार प्रयोग करा आणि प्रत्येक वेळी लॉग बघा. आयडी न देता नवा ऑब्जेक्ट सेव्ह करा. तोच ऑब्जेक्ट काहीही न बदलता पुन्हा सेव्ह करा. टेबलात नसलेला आयडी हाताने देऊन नवा ऑब्जेक्ट सेव्ह करा. आणि शेवटी टेबलात असलेला आयडी हाताने देऊन, वेगळं नाव टाकून, नवा ऑब्जेक्ट सेव्ह करा. या चौथ्या प्रयोगासाठी खऱ्या डेटाची कॉपी वापरा, मूळ डेटा नको.

पहिल्या प्रयोगात सगळीकडे एक इन्सर्ट दिसेल. पुढच्या तीन प्रयोगांत प्रत्येक ओआरएम वेगळं वागेल. का ते आता पाहू.

तुमचं ओआरएम कोणता प्रश्न विचारतं?

जँगो विचारतं : "प्रायमरी कीमध्ये (ओळीची ओळख ठरवणाऱ्या रकान्यात, इथे आयडीत) काही आहे का?" नसेल तर सरळ इन्सर्ट. असेल तर आधी अपडेट पाठवतं. डेटाबेसने "एक ओळ सापडली" असं कळवलं की काम झालं. "एकही नाही" म्हटलं तर मग इन्सर्ट. म्हणजे तिसऱ्या प्रयोगात तुम्हाला दोन क्वेरी दिसतील, आधी रिकामा गेलेला अपडेट आणि मागून इन्सर्ट. २०१३ मधल्या १.६ आवृत्तीआधी जँगो आधी सिलेक्ट करून बघायचं आणि मग ठरवायचं. तो एक हेलपाटा या आवृत्तीने वाचवला. जुनी वागणूक हवी असेल तर 'सिलेक्ट ऑन सेव्ह' हा पर्याय आजही आहे.

"किती ओळी सापडल्या" या उत्तरावर सगळा भरवसा असल्यामुळे एक बारकावा महत्त्वाचा ठरतो. मायएसक्यूएल मुळात सापडलेल्या ओळी मोजत नाही, बदललेल्या मोजतं. ओळ सापडली पण नवी माहिती जुन्यासारखीच निघाली, तर ते शून्य सांगतं. जँगोने त्या शून्याचा अर्थ "ओळच नाही" असा घेतला असता, तर दुसऱ्या प्रयोगात त्याने असलेल्या ओळीवर पुन्हा इन्सर्ट मारला असता आणि डुप्लिकेट कीची एरर आली असती. म्हणून जँगो मायएसक्यूएलशी जोडणी करतानाच 'सापडलेल्या ओळी मोज' असा झेंडा लावून ठेवतं. तुम्ही स्वतः कच्चं एसक्यूएल लिहून "अपडेट करून बघू, शून्य आलं तर इन्सर्ट" अशी युक्ती करणार असाल, तर हे विसरू नका.

जँगोत आणखी एक वळण आहे. प्रायमरी कीला डीफॉल्ट असेल, उदाहरणार्थ यूयूआयडी (कोडनेच बनवलेला लांबलचक आयडी), तर ऑब्जेक्ट जन्मतःच आयडी घेऊन येतो. नुसता आयडी बघून ठरवलं तर प्रत्येक नव्या नोंदीला एक अपडेट फुकट जाईल. म्हणून ३.० आवृत्तीपासून अशा वेळी जँगो ऑब्जेक्टच्या आतली 'ॲडिंग' ही खूण बघतं आणि नवा असेल तर थेट इन्सर्ट करतं.

रेल्सचं ॲक्टिव्ह रेकॉर्ड आयडीकडे बघतच नाही. ते विचारतं : "हा कागद वहीतून काढला होता का?" 'न्यू' म्हणून बनवलेला ऑब्जेक्ट नवा, डेटाबेसमधून आणलेला जुना. ही खूण ऑब्जेक्टबरोबर असते, 'न्यू रेकॉर्ड?' विचारलं की दिसते. आयडी हाताने भरला तरी खूण बदलत नाही. त्यामुळे चौथ्या प्रयोगात रेल्स इन्सर्ट करायला जाईल आणि डेटाबेस त्याला डुप्लिकेट म्हणून अडवेल. लाराव्हेलचं एलोक्वंटही याच घरातलं, तिथे खुणेचं नाव 'एक्झिस्ट्स'. दोघंही दुसऱ्या प्रयोगात काहीच पाठवत नाहीत, कारण मूळ किंमत आणि आताची किंमत यांची तुलना करून ते फक्त बदललेले रकाने लिहितात. बदलच नसेल तर क्वेरीही नाही.

माझ्या मते नवशिक्यासाठी ही पद्धत जास्त सुरक्षित आहे. चूक झाली तर ती एरर होऊन समोर येते. जँगोच्या पद्धतीत तीच चूक यशस्वी अपडेट होऊन आत मुरते. मी जँगो आवडीने वापरतो, पण हा फरक प्रत्येक नव्या मुलाला आधी दाखवतो.

तिसरं घर हायबरनेट, एसक्यूएल-अल्केमी आणि एन्टिटी फ्रेमवर्क यांचं. इथे ठरवण्याचं काम एकट्या ऑब्जेक्टकडे नसतं, एक सेशन सगळ्या ऑब्जेक्टची हजेरी ठेवतं. डेटाबेसमधून आणलेला प्रत्येक ऑब्जेक्ट त्याच्या ताब्यात असतो. हायबरनेट तर आणतानाच त्याची एक प्रत बाजूला काढून ठेवतं आणि फ्लशच्या वेळी, म्हणजे साठलेले बदल डेटाबेसला पाठवताना, दोन्ही ताडून बघतं. म्हणून ट्रान्झॅक्शनच्या आत आणलेल्या शेतकऱ्याचा मोबाइल बदलला आणि सेव्ह म्हटलंच नाही, तरी अपडेट जातो. "मी तर सेव्ह केलंच नव्हतं" ही तक्रार इथूनच येते.

सेशनच्या ताब्यात नसलेला ऑब्जेक्ट आला की प्रश्न उभा राहतो. हायबरनेटमध्ये 'पर्सिस्ट' म्हणजे "हा नवा आहे, दाखल कर", आणि 'मर्ज' म्हणजे "याच्यासारखा कुणी आहे का बघ, असेल तर ही माहिती त्याच्यावर उतरव". मर्ज परत देतं तो ऑब्जेक्ट सेशनचा असतो. तुम्ही दिलेला जुना बाहेरच राहतो. पुढचे बदल जुन्यावर करत राहिलात तर ते कुठेच पोचत नाहीत.

जेपीए म्हणजे जावातला ओआरएमचा ठरलेला नमुना, हायबरनेट तोच पाळतं. स्प्रिंग डेटा जेपीए पर्सिस्ट आणि मर्ज या दोघांवर एकच 'सेव्ह' नावाचा पडदा टाकतं. आत विचारलं जातं, "हा नवा आहे का?" नवा असेल तर पर्सिस्ट, नसेल तर मर्ज. नवा आहे हे कसं कळतं? ऑब्जेक्टमध्ये व्हर्जनचा रकाना असेल आणि तो नल (रिकामा) असेल तर नवा. व्हर्जन नसेल तर आयडी नल आहे का ते बघायचं, आणि आयडी साधा आकडा असेल तर शून्य आहे का ते. म्हणून व्हर्जन आणि आयडी दोन्ही मोठ्या एलचे 'लाँग' ठेवा, ते नल राहू शकतात. आयडी तुम्हीच देत असाल, म्हणजे शेतकरी कोड वगैरे, आणि व्हर्जन नसेल, तर स्प्रिंगला प्रत्येक ऑब्जेक्ट जुनाच वाटतो. मग प्रत्येक नव्या नोंदीला आधी एक सिलेक्ट, मग इन्सर्ट. हजार नोंदींच्या आयातीत हजार फालतू सिलेक्ट. यावर उपाय म्हणजे 'पर्सिस्टेबल' हा इंटरफेस घेऊन "नवा आहे का" याचं उत्तर तुम्हीच द्यायचं, किंवा व्हर्जनचा रकाना ठेवायचा.

आयडी डेटाबेस देत असेल तर एन्टिटी फ्रेमवर्क कोअरचं 'अपडेट'ही असंच वागतं. आयडी रिकामा असलेला ऑब्जेक्ट 'ॲडेड', भरलेला 'मॉडिफाइड'. पण भरलेला आयडी टेबलात नसेल तर ते मागे फिरून इन्सर्ट करत नाही, शून्य ओळी सापडल्या म्हणून एक्सेप्शन फेकतं.

पान क्रमांकच आयडी केला, तेव्हाची गोष्ट

आता त्या जिनिंगकडे परत. दिवाणजींच्या वहीत प्रत्येक शेतकऱ्याचा पान क्रमांक होता, आणि मला वाटलं, यापेक्षा चांगली प्रायमरी की कुठली? सगळ्यांच्या तोंडी तोच क्रमांक आहे. मी तोच आयडी केला, एक्सेल फाइल वाचली, ओळीमागून ओळ ऑब्जेक्ट बनवला आणि सेव्ह केला. एरर एकही आली नाही.

संध्याकाळी मोजलं तर टेबलातल्या नोंदी फाइलीतल्या ओळींपेक्षा कमी. वह्या दोन होत्या. पहिली भरल्यावर दुसरी सुरू केली, तिचे क्रमांक पुन्हा एकपासून. पहिल्या वहीतलं ३१२ नंबरचं पान एकाचं, दुसऱ्या वहीतलं ३१२ दुसऱ्याचं. जँगोने दुसऱ्याचा ऑब्जेक्ट घेतला, आयडी ३१२ दिसला, अपडेट पाठवला, एक ओळ सापडली, काम झालं. पहिल्या शेतकऱ्याचं नाव, गाव, बँक खातं, सगळं दुसऱ्याचं झालं. जँगोने त्याच्या नियमाप्रमाणे काम केलं होतं, चूक सगळी माझी होती. दिवाणजींनी छापील यादी वाचताना एक ओळखीचं नाव दिसलं नाही म्हणून विचारलं, आणि चुकाऱ्याचे पैसे भलत्याच खात्यावर जायचे वाचले. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे पैसे ते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

यातून तीन गोष्टी करायच्या.

नवीच नोंद करायची आहे हे माहीत असेल, तर तसं स्पष्ट सांगा. जँगोत 'ऑब्जेक्ट्स डॉट क्रिएट' वापरा, ते आतून 'फोर्स इन्सर्ट' लावतं. आयडी आधीच असेल तर एरर येते, आणि इथे एररच हवी असते. असलेलीच नोंद बदलायची असेल तर 'फोर्स अपडेट' आहे, किंवा आधी डेटाबेसमधून आणा आणि मग बदला. जेपीएत हाच फरक पर्सिस्ट आणि मर्जमध्ये आहे. "सेव्ह बघून घेईल" असं फक्त तिथेच म्हणा, जिथे दोन्हींपैकी काहीही झालं तरी चालणार आहे. अशा जागा फार थोड्या असतात.

दुसरं, प्रायमरी की बिनअर्थाची ठेवा. डेटाबेसने दिलेला आकडा किंवा यूयूआयडी. पान क्रमांक, कोड, मोबाइल हे वेगळ्या रकान्यात ठेवा. आमच्याकडे आता वही क्रमांक आणि पान क्रमांक असे दोन रकाने आहेत आणि त्या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट आहे, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा आली तर डेटाबेस नाकारतो.

तिसरं, आयात केल्यावर ओळी मोजा. फाइलीत किती, टेबलात किती, फरक का. पाच मिनिटांचं काम आहे, टाळू नका. पोस्टग्रेसवर आयडी स्वतः देऊन आयात केली असेल तर आयडी वाटणारा सिक्वेन्सही पुढे सरकवा. तो मागेच राहतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच नव्या नोंदीला डुप्लिकेट कीची एरर येते. जँगोत त्यासाठीचं एसक्यूएल 'एसक्यूएलसिक्वेन्सरिसेट' ही कमांड लिहून देते.

"तोच शेतकरी" म्हणजे कोण?

हा प्रश्न प्रोग्रामिंगचा नाही, गावाचा आहे. खिडकीवर बसणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

नाव आणि गाव पुरे का? आमच्याकडे एका गावात अर्धं गाव पाटील. नाव, वडिलांचं नाव, आडनाव तिन्ही सारखी असलेले दूरचे चुलत भाऊ निघतात. मोबाइल? घरात एकच नंबर, वडील आणि दोन मुलं तिघंही तोच देतात आणि तिघांचं शेत वेगळं. आधार? ज्या कामाला तो लागत नाही तिथे फक्त नोंद ओळखायची सोय म्हणून तो साठवणं मला पटत नाही. दिवाणजींना विचारलं तर त्यांचं उत्तर तयार होतं : चुकारा ज्या खात्यावर जातो, ते खातं ज्याचं, पान त्याचं. म्हणून आमच्याकडे बँक खाते क्रमांक आणि आयएफएससी यांची जोडी युनिक आहे. तुमच्या धंद्यात उत्तर वेगळं असेल. रावेर-सावद्याकडच्या केळीच्या व्यापाऱ्याला शेतकऱ्यापेक्षा बाग ओळखायची असते, कारण एकाच शेतकऱ्याची मृगबाग वेगळी आणि कांदेबाग वेगळी, कटाईही वेगळ्या वेळी.

जो निकष ठरवाल त्यावर डेटाबेसमध्येच युनिक कन्स्ट्रेंट लावा. फॉर्मवरची तपासणी पुरत नाही, ते पुढे येईलच. पण त्याआधी मजकूर एकसारखा करावा लागतो, आणि मराठीत हे काम इंग्रजीपेक्षा जास्त आहे.

पाळधी बुद्रुक आणि पाळधी खुर्द ही दोन वेगळी गावं. ती लिहिली जातात 'बुद्रुक', 'बु.', 'बु॥', आणि कधी पुढचं काहीच नाही. पिंप्री आणि पिंपरी एकच की दोन? हे मोकळ्या रकान्यात ठेवूच नका, गावांचं वेगळं टेबल करा आणि यादीतून निवडू द्या. मग आकडे. मराठी कीबोर्डवर टाइप केलेला ९ आणि इंग्रजी कीबोर्डवरचा नऊ डोळ्यांना एकच किंमत दाखवतात, डेटाबेसला ती दोन वेगळी अक्षरं आहेत. एकाच मोबाइलच्या दोन नोंदी झाल्या, कन्स्ट्रेंट असून झाल्या, तर हे बघा. सेव्हच्या आधी सगळे आकडे एकाच लिपीत आणा, मधल्या रिकाम्या जागा आणि पुढचा देशाचा कोड काढून टाका.

सगळ्यात फसवं अक्षर म्हणजे 'ऱ'. बऱ्हाटे हे आडनाव घ्या, यावल-रावेरकडे सर्रास. यातला ऱ युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणून येऊ शकतो, किंवा साधा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. काही कीबोर्ड तर र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देतात. पडद्यावर तिन्ही सारखी. पहिल्या दोन रूपांना युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन एकत्र आणतं, पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये ते तयार आहे. तिसऱ्याला नाही आणत, ते रूप तुम्हालाच शोधून बदलावं लागतं. हे केलं नाही तर "हा शेतकरी आहे का" या प्रश्नाला डेटाबेस प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो आणि तुम्ही नवं पान उघडता.

दोन खिडक्या, एकच क्षण

दिवाळीनंतर आवक वाढली की दुसरी खिडकी उघडते. बापाची बैलगाडी आणि मुलाचा ट्रॅक्टर एकाच वेळी येतात, दोघं दोन खिडक्यांवर, खातं एकच. दोन्हीकडचा कोड आधी शोधतो : "हे खातं आहे का?" दोघांनाही "नाही" मिळतं. दोघंही इन्सर्ट करतात. शोधणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीतून डुप्लिकेट आत येतं. तुमच्या लॅपटॉपवर हे कधीच दिसणार नाही, कारण तिथे तुम्ही एकटेच आहात.

जँगोचं 'अपडेट ऑर क्रिएट', रेल्सचं 'फाइंड ऑर क्रिएट बाय', ही नावं बघून मुलांना वाटतं की यात सगळं आलं. आतून तेही शोधतात आणि मग लिहितात. युनिक कन्स्ट्रेंट असेल तरच ते भरवशाचे. मग दुसऱ्याचा इन्सर्ट डेटाबेस अडवतो, आणि जँगो तर ती एरर पकडून पुन्हा शोधायला जातं. कन्स्ट्रेंट नसेल तर अडवणारं कुणीच नाही.

फट पूर्ण बुजवायची तर ठरवण्याचं काम डेटाबेसकडे द्या. पोस्टग्रेसच्या ९.५ आवृत्तीत, म्हणजे २०१६ मध्ये, इन्सर्टला 'ऑन कॉन्फ्लिक्ट' जोडता येऊ लागलं : घाल, आणि त्या कीची ओळ आधीच असेल तर हे रकाने बदल. यालाच अपसर्ट म्हणतात. एसक्यूएलाइटमध्ये ते २०१८ च्या ३.२४ पासून आहे. मायएसक्यूएलमध्ये 'ऑन डुप्लिकेट की अपडेट' फार आधीपासून. ओआरएममधून जायचं तर रेल्स ६ पासून 'अपसर्ट ऑल', लाराव्हेलचं 'अपसर्ट', आणि जँगो ४.१ पासून 'बल्क क्रिएट'मध्ये 'अपडेट कॉन्फ्लिक्ट्स'.

हे वापरताना दोन इशारे. हे रस्ते मॉडेलच्या नेहमीच्या दारातून जात नाहीत. जँगोत तुमचं सेव्ह आणि सिग्नल चालत नाहीत, रेल्समध्ये व्हॅलिडेशन आणि कॉलबॅक चालत नाहीत, लाराव्हेलमध्ये इव्हेंट उठत नाहीत. म्हणजे आकडे आणि 'ऱ' एकसारखे करण्याचा कोड तुम्ही सेव्हमध्ये ठेवला असेल, तर तोही इथे सुटतो. तो वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा आणि दोन्हीकडून बोलवा. दुसरं, मायएसक्यूएल तुम्ही कोणत्या कीबद्दल बोलताय ते विचारत नाही. टेबलात दोन युनिक की असतील तर कोणतीही जुळली तरी अपडेट करतं. लाराव्हेलमध्ये युनिक रकाने सांगितले तरी मायएसक्यूएलवर त्याचा उपयोग होत नाही.

आणि मायएसक्यूएलचं 'रिप्लेस' अपसर्ट समजून वापरू नका. ते जुनी ओळ खोडतं आणि नवी घालतं. पावत्यांच्या टेबलात 'शेतकरी गेला की पावत्याही जाव्यात' असं कॅस्केड असेल, तर मोबाइल बदलण्याच्या नादात त्या शेतकऱ्याच्या सगळ्या काटापावत्या जातील.

अपडेटच बरोबर होता, तरी

निर्णय बरोबर असूनही माहिती हरवू शकते. एका खिडकीने शेतकऱ्याची नोंद उघडली मोबाइल बदलायला, दुसऱ्या खिडकीने तीच उघडली गाव दुरुस्त करायला. जँगो सांगितलं नाही तर सगळे रकाने लिहितं, हायबरनेटही. मागून सेव्ह करणारा पहिल्याची दुरुस्ती जुन्या किमतीने पुसून टाकतो. जँगोत 'अपडेट फील्ड्स' देऊन फक्त बदललेले रकाने लिहा, हायबरनेटमध्ये 'डायनॅमिक अपडेट' आहे.

पैशाच्या नोंदीत तेवढ्यावर थांबू नका, व्हर्जनचा रकाना ठेवा. अपडेट जाताना अट जाते : आयडी हा, आणि व्हर्जन मी बघितलं तेव्हाचंच. मध्ये कुणी बदललं असेल तर शून्य ओळी सापडतात आणि ओआरएम एरर देतं. जेपीएत त्यासाठी 'व्हर्जन' ॲनोटेशन, रेल्समध्ये 'लॉक व्हर्जन' नावाचा रकाना असला की झालं. जँगोत हे तयार नाही, फिल्टरमध्ये व्हर्जन घालून अपडेट करा आणि परत आलेला आकडा तपासा.

चालू सिस्टिममध्ये आधीच डुप्लिकेट असतील तर

बहुतेकांची सुरुवात इथूनच होते, कारण कोड आधी कुणीतरी लिहिलेला असतो. युनिक कन्स्ट्रेंट लावायला गेलात की डेटाबेस नकार देईल. आधी बॅकअप घ्या. मजकूर एकसारखा करून घ्या, आकडे, गाव, 'ऱ', सगळं. मग ठरवलेल्या निकषावर ग्रुप बाय करून एकापेक्षा जास्त वेळा आलेल्या जोड्यांची यादी काढा आणि ती छापा. ही यादी स्क्रिप्टने आपोआप निकाली काढू नका. ज्याला माणसं माहीत आहेत त्याच्यासमोर ठेवा. आम्ही गणेश चतुर्थीच्या मुहूर्ताच्या खरेदीआधी दोन दुपारी दिवाणजींबरोबर बसलो, ते लाल पेनाने खूण करायचे : हे दोन एकच, हे बाप-लेक, हा वेगळा.

खूण झालेल्या प्रत्येक जोडीसाठी एका ट्रान्झॅक्शनमध्ये हे करा : ठेवायची नोंद निवडा, दुसरीच्या सगळ्या पावत्या आणि उचलींचा शेतकरी आयडी तिच्याकडे वळवा, वळवण्याआधीची आणि नंतरची बेरीज ताडून बघा, जुळली तरच दुसरी नोंद काढा. नाही जुळली तर रोलबॅक. काढलेल्या नोंदीचा जुना आयडी कुठल्या नव्यात गेला, हे एका छोट्या टेबलात लिहून ठेवा, कारण जुनी छापील पावती घेऊन कुणीतरी येतंच. सगळ्या जोड्या संपल्या की लगेच, त्याच दिवशी, कन्स्ट्रेंट लावा. एक दिवस मोकळा गेला तर खिडकीवर पुन्हा एखादं नवं पान उघडलेलं असतं.